हक्कसोडीची साडी

निगडी, रविवार संध्याकाळ

आज मृत्युपत्र करायला घेतलं. घर मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं, असं लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला नको, बाबा. आत्यासारखी मीही सही करून देईन."

हे तिला कुणी शिकवलं? मीच की. महाळुंग्याच्या वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडायला ताईला मीच राजगुरुनगरच्या नोंदणी कचेरीत नेलं होतं. "माहेर तुटायला नको, एवढंच," म्हणत तिनं न वाचता सही केली. बाहेर आल्यावर मी तिला हिरवी साडी घेतली. केवढा उदार वाटलो होतो स्वतःला!

ती साडी ताईच्या अंगावर कधी दिसलीच नाही. लेकीच्या लग्नात ताईनं तिला हिरवी साडी दिली, घडीही न मोडलेली. तीच होती, हे आज लक्षात येतंय. मी तेव्हा ओळखलीसुद्धा नाही.