जेवताना मोबाइल नाही

११ सप्टेंबर, सोमवार
पालकांसाठीचा करार तयार झाला! कुएन्का शहरातल्या मुख्य ऑफिसने पाठवलेली लांबलचक सूचनापत्रकं मी तीन ओळींत बसवली. जेवताना मोबाइल नाही. संध्याकाळी पाचनंतर मोबाइल मोठ्यांकडे, कुलपात. पोराने थयथयाट केला तरी माघार नाही.
तिथले माझे वरिष्ठ, ऑर्दोन्येस सर, फोनवर म्हणाले, "वा एर्लिंदा, हे तर मलाही कळलं." कौतुक की टोमणा, कोण जाणे. हे लिहितेय तेव्हा डाव्या हाताला ताट आहे आणि ताटाला टेकवलेला माझा मोबाइल. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

१४ सप्टेंबर
वरच्या वाडीत तार्हेलिया आजींकडे गेले. नात नायेली, नऊ वर्षांची. तिची आई नुबे तिकडे, न्यूयॉर्कला. मुलगी तीन वर्षांची असताना गेली, कागदपत्रांशिवाय. म्हणजे एकदा इकडे आली की परत तिकडे जाणं नाही. वाडीत घरोघरी हेच. पुढे डॉलरांनी बांधलेलं दुमजली घर रिकामं, आणि म्हातारी मागे मातीच्या स्वयंपाकघरात चुलीशी.
शाळेची तक्रार अशी की पोरगी वर्गात पेंगते, संध्याकाळपासून झोपेपर्यंत मोबाइल सोडत नाही. मी करार वाचून दाखवला. आजी प्रत्येक ओळीला "हो, डॉक्टरीणबाई." मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेय, हे सांगून थकले. इथे शिकलेलं माणूस म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टरला नाही म्हणायची रीत नाही.
निघताना म्हणाल्या, "पण सहाला—"
"पण-बिण काही नाही, आजी. एकदा सूट दिली की संपलंच."
"बरं, डॉक्टरीणबाई."
वर उकडलेल्या मक्याची पुरचुंडी हातात दिली. शहाणी बाई. सगळे असे असते तर माझं काम निम्मं झालं असतं.

२२ सप्टेंबर
आजींनी मोबाइल कपड्यांच्या पेटीत ठेवलाय, सणाच्या लोकरी घागऱ्यांखाली! किल्ली गळ्यात, मेरीमातेच्या पदकाशेजारी. पाचला कुलूप लागतं ते सकाळीच निघतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, नायेली आता पेंगत नाही. मला इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर गाणं म्हटलं.

५ ऑक्टोबर
आजींचा निरोप आला, पोर जेवत नाही. मी उलट निरोप धाडला की सवय सुटताना मुलं रुसतात, धीर धरा, माघार घेऊ नका. तिसरी ओळ.

१९ ऑक्टोबर
शाळेत नायेलीला पाहिलं. स्वेटर अंगावर लोंबतोय. गालही बसलेत.
"मोबाइल हवाय का गं?"
स्वेटरची बाही ओढत म्हणाली, "मला मोबाइल नकोय."
मोबाइल नकोय म्हणते, म्हणजे सुधारणाच की! पण दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. नुसत्या सर्दीनेसुद्धा पोरं वाळतात, अशी समजूत घातली.

३१ ऑक्टोबर
ऑर्दोन्येस सरांना तार्हेलिया आजींचं घर हवंय. शिबिरात उदाहरण म्हणून सांगायला. नर्स, शिक्षक, समाजसेविका, सगळे येणार. पालकांना कसं सांभाळून घ्यायचं ते मी त्यांना शिकवायचं. मी! "एक छान फोटो आण," म्हणाले, "कुटुंब जेवतंय आणि मोबाइल कुठे दिसत नाही, असा."

८ नोव्हेंबर, बुधवार
फोटोसाठी आज पहिल्यांदा त्या घरी जेवणाच्या वेळी गेले. एरवी सकाळी जाते, सोयीची म्हणून. माझ्या सोयीची.
जवाचं सूप वाढलेलं. आजी खाली मान घालून बसलेल्या, नायेलीचा चमचा तसाच. मी फोटो काढणार एवढ्यात पेटीत मोबाइल वाजला. घागऱ्यांखालून, दबका. कोणी हललं नाही. वाजून थांबला. पुन्हा वाजला.
"कोण आहे?" मी विचारलं.
नायेली ताटाकडे बघत म्हणाली, "आई."
मग आजींनी सांगितलं, एकेक शब्द ओढून काढावा तसं. नुबे दिवसा घरं साफ करते, रात्री हॉटेलात भांडी घासते. दोन कामांच्या मधे तिला थोडी मोकळीक मिळते, ती इथल्या सहाच्या सुमारास. तेव्हा ती तिकडे डबा उघडायची, इकडे ही सूप प्यायची. सहा वर्षं मायलेकी अशाच जेवल्या. बाकी वेळ पोरगी मोबाइल घेऊन बसायची ते आईचे निरोप पुन्हा पुन्हा ऐकत.
"मग नुबेला करार सांगितला नाहीत?"
"काय सांगू, डॉक्टरीणबाई? की मला पोर सांभाळता येत नाही म्हणून तुम्ही घरी येता? मी म्हटलं, सिग्नल नाही."
"आणि मला का नाही बोललात?"
विचारलं आणि आठवलं, "पण सहाला—". बोलल्या होत्या. मीच बोलू दिलं नव्हतं.
मी म्हटलं, पेटी उघडा. किल्ली फिरेपर्यंत फोन थांबला होता.

९ नोव्हेंबर
आई जेवायला हाक मारतेय आणि लेकीने उठायचं नाही, असा नियम मी केला. वर त्याला धीर म्हटलं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
आज सहाला पुन्हा गेले. मोबाइल ताटाशेजारी. वाजला, नायेलीने झडप घातली, आणि तिला बघून नुबेच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालंय तुझं? किती वाळलीस!" पोरगी नुसती रडते. आजी म्हणतात, सिग्नल, सिग्नल. नुबे म्हणाली की शेजारणीच्या घरी सिग्नल आहे, पोरगी खात नाही हे तिच्याकडूनच कळलंय. आई चर्चमधल्या कम्युनियनच्या सोहळ्याला आली नाही म्हणून रुसलीये, हेही. मग तिने मला बघितलं.
"तुम्हीच डॉक्टरीणबाई ना? खरं सांगा. ही माझ्यावाचून झुरतेय का? मी यायला हवं का?"
इथेच सांगायचं होतं. की नाही, पोर रुसलेली नाही, मी मोबाइल कुलपात ठेवायला लावला, चूक माझी आहे, तू आहेस तिथेच राहा आणि रोज फोन कर. एवढंच. आजी माझ्याकडे बघत होत्या, पोरगी बघत होती, आणि माझ्या तोंडातून शिबिरासाठी घोकलेलं वाक्य निघालं.
"मुलीला आईची गरज असतेच."
नुबे म्हणाली, "बरं, डॉक्टरीणबाई."

११ नोव्हेंबर
नुबेचा नंबर घेतलाय. निरोप लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
शिबिर झालं. सभागृह भरलेलं. वाटलं होतं, उभी राहीन आणि खरं सांगेन. उभी राहिले आणि पेटीची गोष्ट सांगितली. घागरे, किल्ली, मेरीमाता. लोक हसले. टाळ्या पडल्या. एका तरुण नर्सने तीन ओळी उतरवून घेतल्या. तिच्याही गावातले आईबाप तिकडेच असणार. तिला गाठून सांगावं म्हणून बाहेर आले तर बस निघून गेली होती.
ऑर्दोन्येस सरांना मात्र सांगितलं. बशीतला केक खात म्हणाले, "एर्लिंदा, एका घरावरून नियम बदलत नाहीत." मी म्हटलं, सर, माझ्या वाडीत ते एक घर नाही, सगळी तशीच आहेत. ते म्हणाले, बघू. हा माणूस बघू म्हणाला की ते कधीच बघायचं नसतं. पण त्याच्यावर चिडून मी किती वेळ काढणार? टाळ्या मी घेतल्या.

२० नोव्हेंबर
अखेर नुबेला सगळं बोलून पाठवलं. न पुसता. तिचा मोबाइल बंद आहे. आजी म्हणतात, दोन दिवसांपासून सहाला वाजला नाही.

२२ नोव्हेंबर
वाडीत दारोदार फिरतेय. "आजी, तो करार फाडा. आधी सांगा, तुमच्याकडे कोण, कधी फोन करतं?" हा प्रश्न आधी विचारायचा असतो. एका म्हातारीने संशयाने बघितलं. "गेल्या महिन्यात तुम्हीच कुलूप लावायला सांगितलंत, डॉक्टरीणबाई. आता काय, मोबाइल कंपनीने पैसे दिले?"
हसू आलं. मग घरी येऊन रडले.

२७ नोव्हेंबर
नुबे आली. आजींनी नातीच्या हाती मला जेवणाचं आमंत्रण धाडलंय. तिकडची फोनसेवा तिने निघायच्या आधीच बंद केली होती; माझा निरोप तिने विमानतळावर उतरल्यावर ऐकला.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
आजींनी माझ्यासाठी घरचा कुय, म्हणजे गिनीपिग, भाजला होता. इथे त्याहून मोठा मान नाही. नायेली आईला चिकटून बसली होती आणि जेवत होती. मी क्षमा मागितली. नुबे म्हणाली, "राहू द्या आता."
सहा वाजले. नुबेने स्वतःचा मोबाइल काढला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवला. पलीकडे एक बाळ, जेमतेम दोन वर्षांचं, तोंडाला भात लागलेला. नुबेला बघून त्याने दोन्ही हात पुढे केले. आजींच्या हातातला चमचा खाली पडला. त्यांनाही ठाऊक नव्हतं.
"एलियान," नुबे म्हणाली, कोणाकडेही न बघता. "तिकडेच झाला. त्याचा बाप त्याला आणू देईना. मग म्हटलं, त्याला निदान बाप तरी आहे."
आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "डॉक्टरीणबाई, जेवताना याच्यापुरता मोबाइल ठेवला तर चालेल ना?"