डावीकडचा बाक

मंगळवार संध्याकाळ, बसवनगुडी, बंगळूर

पाठीसाठी कायरोप्रॅक्टरकडे गेलो होतो. तरुण डॉक्टरीणबाई माझे मणके कडाकड वाजवून हसत म्हणाल्या, "अज्जा, चालताना सारखं डावीकडे वाकून काय शोधता? स्वल्प ताठ चाला, नाहीतर दुखणं परत येईल." मी नुसतं 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं. काय सांगायचं? आमची ही ठेंगणी, आवाज बारीक. लग्नापासून रोज फिरताना ती शाळेतल्या कविता म्हणायची आणि मी वाकून ऐकायचो. ती गेली तरी मान अजून तिकडेच जाते.

येताना बागेत ताठ चाललो. खरंच, पाठ दुखली नाही. पण तिचा आवाज... अख्ख्या फेरीत एक ओळ ऐकू येईना. दुसऱ्या फेरीला पुन्हा डावीकडे वाकलो. दुखू दे.