‘चटका’चा तिसरा अंक

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. थोरांच्या रोजनिशा पुढे सापडतात, म्हणून अक्षर बरं काढायचं.
पुण्याच्या वर्कशॉपमधून डोकं पेटूनच आलो. झीन! म्हणजे हातानं केलेलं छोटंसं मासिक. लिहा, चित्र काढा, झेरॉक्स मारा, घडी घाला, शिवा, वाटा. ना प्रेस, ना मालक. आपल्या खोऱ्यात विचार पोचवायला याहून बरं साधन नाही. नाव ठरलं: ‘चटका’. संपादक, लेखक, चित्रकार: सिद्धनाथ.
कंपनीतली नोकरी सोडली ते बरंच झालं. सुपरवायझर विचार करू देत नव्हता. आई म्हणाली, आता घराचं कसं? घराचं चाललंय की. बहिणीचा, प्रेरणाचा, मेडिकलमधला पगार आहे, म्हशी आहेत. माझी कुठं अडचण आहे?

८ नोव्हेंबर
अंक पहिला: मोबाईलचं व्यसन. नसरापूरला पप्पूच्या दुकानात झेरॉक्स काढल्या. पप्पू म्हणजे चुलत्याचा पोरगा. बुद्धी बेताची, मशीन चांगलं. म्हणाला, दादा, ह्ये वाचनार कोन? मी म्हणालो, समाज. तो म्हणाला, बरं.
घड्या बहिणीनं घातल्या, ड्यूटीवरून आल्यावर. दोन-चार वाकड्या गेल्या. बोललो तिला. कामात जीव ओतावा लागतो.

९ नोव्हेंबर
डेअरीवर वाटप. मानसिंगआबांनी अंक उलटासुलटा बघून विचारलं, ह्यात फॅटचा दर कुठं दिलाय? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.
वाटपाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. कोणी कोणी पाहिला ते बघता बघता दुपार गेली.

२० नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लेखन.

२१ नोव्हेंबर
नऊला उठलो. आईनं हाक मारली नाही. ती पाचलाच उठते, एक हाक मारायला काय धाड भरली होती?

२९ नोव्हेंबर
अंक दुसरा: स्त्री आणि चूल. जळजळीत लेख. ऐन भरात चहा मागितला, तर पाऊण तासानं आला. प्रेरणाला म्हणे वडापची जीप मिळाली नाही, चालत आली. तोवर माझी तंद्री गेली. लेखाचा शेवट जरा पडलाय तो त्यामुळं.

१४ डिसेंबर
प्रेरणाला स्थळ. कापूरहोळचा अमृत, स्वतःचं गॅरेज. त्याच्या आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला मेडिकलमध्ये यायचा. गोळ्या संपायच्या आधीच यायला लागला म्हणे. दोघांचं जमलंय.
प्रेरणा आता एकोणतिसाची. तिच्या पाठीवर कोड आहे. आधीची स्थळं त्यापायीच गेली. अमृतला तिनं स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, मला काही नाही त्याचं. आईला मी माझ्या पद्धतीनं सांगतो, तेवढा दम धरा.
प्रेरणानं मला समोर बसवून हात जोडले. म्हणाली, दादा, माज्यासाठी येवढं तोंड बंद ठेव. आयुष्यात परत काय मागनार न्हाई. मी शब्द दिला. डोळे भरून आले. माझे.

१८ डिसेंबर
चैन नाही. शब्द दिलाय, मान्य. पण विचाराचं काय? कोड हा शाप नव्हे, संसर्ग नव्हे, हे खोऱ्याला सांगणार कोण? पप्पू? लपवणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी.
तोंड बंद ठेवायचं ठरलंय. लिहायचं नाही असं कुठं ठरलंय?

२३ डिसेंबर
अंक तिसरा: कोड विशेषांक! माझं आजवरचं सर्वोत्तम काम. एक पान शास्त्रीय माहिती, बाकी सत्यकथा. गोपनीयता काटेकोर पाळली. नाव दिलेलंच नाही, फक्त ‘नसरापूरच्या मेडिकलमधली प्रे.’ मुलाचं तर एक अक्षरही नाही. नुसता गॅरेजचा नकाशा. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, केस पुढं घेतलेले, पाठीवर डाग. डागाची जागा कागदाची पांढरी तशीच सोडली. काय सुचतं मला!
पप्पू लग्नाला गेला होता म्हणून झेरॉक्स भोरला काढल्या. प्रेरणाला सरप्राइज द्यायचंय, तेव्हा शिवायला आईला बसवलं. तिला अक्षरओळख नाही, पण गोधड्या शिवून हात बसलाय. दाभण घेऊन दिवसभर शिवत होती. चित्रावर बोट ठेवून विचारलं, ही कोन रं? म्हटलं, एक शूर मुलगी. आई म्हणाली, ग्वाड हाय. केसं आपल्या प्रेरणावानी हायती.

२८ डिसेंबर
सुपारी फुटली. अमृतची आई मंगलबाई कडक वाटल्या, पण प्रेरणाला जवळ बसवून घेतलं. साखरपुड्याची तारीख निघाली. मी शब्दाला जागलो. कोडाचा ‘को’ काढला नाही.
निघताना आईनं मंगलबाईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आणि मग फडताळातून ‘चटका’ काढून वर ठेवला! म्हणाली, माज्या लेकानं लिवलंय, म्या शिवलंय, घरी जाऊन निवांत वाचा. असं वाटप मलाही सुचलं नसतं. आईत कार्यकर्ती दडलीय.
प्रेरणा आत कप विसळत होती. बाहेर आली तेव्हा गाडी गेली होती.

२९ डिसेंबर
नकार. मंगलबाईंचा फोन: आधी लपवलं, मग छापून ओटीत घातलं, आमची अब्रू म्हंजे तुमाला तमाशा वाटला व्हय? किती मागास माणसं! पण एक गोष्ट नोंदवायला हवी. अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याची ही पहिलीच प्रतिक्रिया.
प्रेरणानं आमच्याकडचा अंक उचलून वाचला आणि गोठ्यात जाऊन बसली. मागं गेलो, विचारलं, भाषा कशी वाटली? ती म्हशीच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. निदान शास्त्रीय पानाबद्दल तरी बोलायचं.

३१ डिसेंबर
आईनं पप्पूला बोलावून अंक वाचून घेतला. पप्पू सारखा अडखळत होता. एकदा म्हणाला, काकी, र्‍हाऊ द्या. आई म्हणाली, वाच. सगळं झाल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, म्या माज्या हातानं शिवलं रं ह्ये.
बाइंडिंगचा तिला अभिमान वाटतो, हे बघून बरं वाटलं.

९ जानेवारी
प्रेरणा नसरापूरला चुलत्याकडं राहायला गेली. ड्यूटी जवळ पडते. स्वावलंबन! दुसऱ्या अंकाचाच परिणाम. पगार मात्र इकडं येत नाही, हा अतिरेक झाला.
चौथ्या अंकासाठी पप्पूकडं गेलो. मशीन बंद आहे म्हणाला. मागं कुणाची तरी आधार कार्डं निघत होती. आईला दाभण मागितलं. ओढ्यात टाकलं म्हणाली. वय झालं, वस्तू कुठंही टाकते.

१५ फेब्रुवारी
संकल्प: उद्यापासून पहाटे सहाला. पाच अवास्तव होतं.

२० मार्च
विजय! विजय! सलूनमध्ये दाढी करताना कळलं. अमृत हटून बसला होता. गॅरेजमध्येच झोपायचा, घरी जेवायचा नाही. शेवटी मंगलबाई स्वतः मेडिकलमध्ये गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत प्रेरणाला म्हणाल्या, पोरी, माज्या लेकाला तूच पायजे, झालं गेलं इसर. एप्रिलमध्ये लग्न.
मतपरिवर्तन यालाच म्हणतात. बियाणं कुणाचं? तिसऱ्या अंकाचं. आपल्याच बहिणीचं लग्न आपल्या लेखणीनं जमवणारा संपादक तालुक्यात दुसरा दाखवा.
घरी मला कोणी काही बोललेलं नाही. सरप्राइज असणार.

२४ एप्रिल
आईला म्हटलं, भाऊ म्हणून काय काय करायचं ते सांग. ती म्हणाली, ये, कोपऱ्यात बस, जेव. आन कागुद आनू नगंस.
नवा शर्ट घेतला. विवाह विशेषांक स्वतः शिवला. नवं दाभण बोटात घुसलं. आईचा टाका कसा सरळ यायचा कोण जाणे.

२६ एप्रिल
कार्यालयाच्या दारातच पप्पूनं पिशवी काढून घेतली आणि चपलांच्या ढिगामागं ठेवली. म्हटलं, वाटप नंतर करू. आज बहिणीचा दिवस आहे.
अक्षता पडल्या. भटजींनी पुकारा केला, नवरीच्या भावानं यावं, नवरदेवाचा कान पिळायला. कोपऱ्यातून उठलो. शर्ट नीट खोचला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं: दाजी, माझ्या बहिणीला जपा. लोक हसले असते, प्रेरणाही हसली असती.
स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला. प्रेरणानं मान वर केली. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. रागानं नाही. रस्त्यातल्या माणसाकडं बघतात तसं. मग भटजींना म्हणाली, माझा भाऊ पप्पूदादा. त्याला बोलवा. भटजींच्या हातातला माइक चालू होता.
पप्पूनं कान पिळला. काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. अमृत खोटं खोटं ओरडला. सगळे हसले. मंगलबाईंनी पप्पूला टॉवेल-टोपी केली. आईनं त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. मी पायरीवरच होतो. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.
पंगतीत शेवटच्या ओळीत बसलो. शेजारचे फेटेवाले पाहुणे गप्पिष्ट. त्यांनी विचारलं, तुमी कुनीकडचं? पोराकडचं का पोरीकडचं?
मी म्हणालो, पोराकडचा.
मग त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात दोन जिलब्या जास्त टाकायला लावल्या. म्हणाले, आमी पोरीकडचं, तुमाला आग्रेव कराय नको व्हय? तुमी आमचं पाव्हनं.