अभ्यासार्थ रवाना

राजधानी, १४ जानेवारी

ती. स्व. ओडेत आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला गोड पाव पोचला. टपालवाल्यांनी त्यावर बसून प्रवास केला असावा, पण चव शाबूत आहे. गुडघ्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, त्याअर्थी तो दुखतो आहे.

पूल तपासणारी मुलगी त्या नागरिक आयोगावर काय करते, असे तू विचारलेस. निवडणुकीत ओतल्या जाणाऱ्या पैशाला लगाम बसावा म्हणून अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती व्हावी, एवढ्या एकाच कामासाठी राज्याने हा आयोग नेमला आहे. पगार नाही. एक जागा आकडे समजणाऱ्या व्यक्तीसाठी राखीव होती आणि तिच्यासाठी माझ्याशिवाय कुणी अर्ज केला नव्हता. माझ्या निवडीचे रहस्य एवढेच.

बाकी सदस्य सज्जन आहेत. सज्जनपणाचा वापर ते मुख्यतः एकमेकांना अडवण्यासाठी करतात. इथल्या प्रत्येक सभागृहाला कुठल्या ना कुठल्या देणगीदाराचे नाव आहे, म्हणून प्राध्यापक विनस्लो तिथे पाऊल ठेवत नाहीत. त्यामुळे शरद ऋतूपासून आमच्या बैठका रस्ते विभागाच्या कोठारात, बर्फावर टाकायच्या मिठाच्या ढिगाशेजारी होतात. मीठ निःपक्षपाती आहे यावर एकमत झाले. आजवरचे तेवढेच.

तरीही दोन वर्षांत आम्ही एक ठराव लिहून काढला. कंपनी म्हणजे माणूस नव्हे आणि पैसा म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असा त्याचा अर्थ. तो आता विधिमंडळाच्या समितीकडे आहे. जुलैअखेर अधिवेशन संपेपर्यंत त्यावर मतदान झाले नाही तर तो आपोआप मरतो. त्या समितीचा अध्यक्ष तुझा धर्मपुत्र गिल आहे. तू त्याला यातले काही बोलू नयेस. गॅस कंपनी देणग्या देऊन त्याचे दार उघडते आणि आपण गोड पाव देऊन उघडायचे, तर फरक काय राहिला? ठराव हरला तरी चालेल. प्रत्येक आमदाराने नाव घेतल्यावर हो किंवा नाही म्हणावे, एवढेच मला हवे आहे.

लोभ आहेच. गुडघ्याला शेक द्यावा, ही विनंती.

तुझी भाची,
लिडिया


मॅरोज पॉइंट, २३ फेब्रुवारी

चि. लिडियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. मिठाच्या कोठाराचं मी मासळी गोदीवर सांगितलं, तर बायका हसून हसून बाकावरून पडायच्या राहिल्या. ग्रासा म्हणाली, अगं, तुमच्या प्राध्यापकाला सांग, मिठात ठेवलेली गोष्ट निदान टिकते तरी!

गिल रविवारी जेवायला आला होता. त्याच्या बाप्तिस्म्याला माद्रिन्या, म्हणजे धर्ममाता म्हणून मीच त्याला हातावर घेतला होता, तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि तेव्हाही सगळ्यांकडे बघून हसत होता. आता चव्वेचाळीसचा आहे, सवय तीच. कोबीचं सूप दोनदा वाढून घेतलं. तू सांगितलं होतंस म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं. पण त्यानंच काढलं गं. म्हणाला, माद्रिन्या, आपल्या लिडियाचं काम म्हणजे फार मोलाचं, मी त्याचा नीट अभ्यास करवून घेणार आहे. मी म्हटलं, शाळेत असताना तू अभ्यास करतो म्हणायचास तेव्हा तुझी आई आधी मागचं दार लावून घ्यायची. तो हसला. मी नाही हसले.

त्या अभ्यासाचं काय ते मला कळव. आणि तुझ्या पत्रात नेहमी काम, आयोग, पूल. माणूस कुणी भेटला की नाही, हे मी विचारत नाही. नुसतं लिहिलं.

सूप जमेल तेव्हा येऊन खावं, आम्हाला विसरू नये.

आत्या


राजधानी, १९ मार्च

ती. स्व. ओडेत आत्यास,
सा. न. वि. वि.

समितीसमोर सुनावणी झाली. क्रमाने सांगते.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटे. टेबलावर एक दिवा असतो. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे गप्प. प्राध्यापक विनस्लोंनी पहिल्या दोन मिनिटांत प्राचीन ग्रीस ओलांडला आणि लाल दिवा लागला तेव्हा ते अठराव्या शतकात होते. माझ्या पाळीलाही वाक्य मध्येच तुटले. क्रियापद राहूनच गेले.

नंतर गॅस कंपनीचे गृहस्थ आले. त्यांनाही तीनच मिनिटे. पण आमदारांनी प्रश्न विचारला तर उत्तराला दिवा नसतो, असा नियम आहे. सहा आमदारांनी त्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. एकाने विचारले, आपल्याला या विषयात आणखी काही सांगावेसे वाटते का? गृहस्थांना वाटत होते. पाऊण तास वाटत होते. आम्हाला कुणी काही विचारले नाही. नियम तंतोतंत पाळला गेला, हे मी मान्य करते.

शेवटी गिलने सर्वांचे आभार मानले आणि समितीने ठराव ‘अभ्यासार्थ’ पाठवला. तुला आश्चर्य वाटेल, पण मला हा भाग आवडला. आमच्याकडेही पुलाला तडा दिसला की आधी अभ्यासच होतो. मी लगेच गिलच्या कार्यालयाला चार पानी टिपण पाठवले: कोणती माहिती लागेल, कुठे मिळेल, तुलना कशी करावी, चुका कुठे संभवतात. त्यांचे फार नम्र उत्तर आले. अभ्यासाची पहिली बैठक ठरली की बोलावतील. मी वसंतातली रजा त्यासाठी राखून ठेवली आहे.

तू गिलला उगाच टोमणा मारलास असे आता वाटते.

तुझा राग लाल दिव्यावर असेल तर तो पिवळ्यावर आणावा.

लिडिया


मॅरोज पॉइंट, ५ एप्रिल

चि. लिडियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी ग्रासाला वाचून दाखवलं. रजा राखून ठेवल्याचं वाक्य आलं तशी मी लगेच लिहायला बसले.

बाळा, तिथे अभ्यास नसतो. खोली नसते, टेबल नसतं, बोलवायला माणूस नसतो. मारायचं आहे पण हातावर रक्त नको, असं झालं की ते लोक त्या गोष्टीला अभ्यासाला पाठवतात. गोदीच्या पेन्शनचा कायदा असाच गेला. तुझे काका तीन वर्षं विचारत होते की अभ्यास कुठवर आला. शेवटी तिथल्या एका शिपायाला दया आली, त्यानं सांगितलं, साहेब, अभ्यासाला गेलेलं परत आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. इथे शेंबड्या पोराला माहीत आहे हे. तू एवढी शिकलेली, पूल ठोकून आवाजावरून आतला गंज ओळखणारी, आणि हसऱ्या माणसाला एकदा ठोकून पाहिलं नाहीस?

हसणार होते मी. पण त्यानं माझ्या टेबलावर बसून, माझं सूप खात, तुझ्याबद्दल अभ्यास हा शब्द वापरला. ते मला सहन झालं नाही.

आता चर्चच्या वार्षिक उत्सवाची धावपळ आहे. यंदा रश्शाची कढई पुन्हा माझ्याकडे. मांसाचे पैसे आम्ही देतो, असा गॅस कंपनीचा निरोप आला होता. बदल्यात कढईवर त्यांचा फलक. मी कळवलं, आमच्या आज्या-पणज्यांनी अझोरेस बेटांवरून हा रस्सा आणला तेव्हापासून त्यावर कुणाचं नाव नाही. येईल त्याला फुकट, राजा असो की भिकारी. तुम्हीही या, रांगेत उभे राहा.

मन लहान करू नये. जेवत जावं.

आत्या


राजधानी, २ मे

ती. स्व. ओडेत आत्यास,
सा. न. वि. वि.

खात्री करून घेतली. तुझे म्हणणे बरोबर आहे. मागच्या अधिवेशनांत अभ्यासाला गेलेल्या ठरावांपैकी परत आलेला मला एकही सापडला नाही. आयोगाला मी हे सांगितले. न्यायमूर्ती श्रीमती थॉर्नडाइक म्हणाल्या, आम्हाला वाटले तुला ठाऊक असेल. प्राध्यापक म्हणाले, इतिहास आपल्या बाजूने आहे. मग मिठाशेजारी कॉफी झाली.

रजा रद्द केली.

गिलला बोलू नयेस, ही विनंती कायम आहे. लाज वाटायची पाळी त्याची आहे, मागायची पाळी आपली नाही.

उत्सवाला येणार नाही. राग नसावा.

लिडिया


मॅरोज पॉइंट, ११ जून

चि. लिडियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच लिहिते.

उत्सव झाला. एका दिवसाच्या राजाचा चांदीचा मुकुट यंदा जाळी विणणाऱ्या मानुएलच्या डोक्यावर ठेवला. बिचारा घामानं निथळत होता. मग रश्शाची रांग लागली, पार चर्चच्या पायरीपर्यंत. गिल आला, चार जणांशी हात मिळवत मधेच घुसायला लागला. ग्रासा ओरडली, अरे आमदारा, शेपूट तिकडे आहे! मुकाट मागे गेला.

त्याची पाळी आली. आमच्यात कुणाला रस्सा नाकारता येत नाही आणि मी नाकारलाही नाही. वाडगा भरला. पाव घातला, पुदिना घातला. वाडगा त्याच्या हातात दिला, पण माझा हात मी काढला नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, गिल, त्या ठरावावर मतदान कधी?

म्हणाला, माद्रिन्या, ते जरा गुंतागुंतीचं आहे, अभ्यास चालू आहे. मी विचारलं, कुठे चालू आहे? कोण करतंय? एकाचं नाव सांग. मागून मानुएल म्हणाला, लवकर सांगा साहेब, मुकुट जड आहे. मग सगळी रांगच बोलायला लागली. कुणी म्हणे मतदान म्हणजे काय बाळंतपण आहे का, कुणी म्हणे रस्सा गार होतोय. वाडगा भाजत होता. दोघांनाही. मी लहानपणापासून उकळत्या पाण्यात हात घातलेत, मला घाई नव्हती.

म्हणाला, जुलैत घेतो. मी म्हटलं, मोठ्यानं. त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग हात काढला आणि त्याला एक मांसाचा तुकडा जास्त घातला.

तू नको म्हणाली होतीस. त्याच्याशी एकांतात बोलू नये एवढंच तू म्हणत होतीस, असं मी धरून चालले.

माया पातळ होऊ देऊ नये.

आत्या


राजधानी, ३० जुलै

ती. स्व. ओडेत आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सोयीचा अर्थ काढलास, हे तुलाही ठाऊक आहे. महिनाभर मी त्यावर विचार केला. कंपनी त्याच्याशी बंद दाराआड बोलते, तू सगळ्या गावासमोर बोललीस. मागितलीस ती तारीख, मत मागितले नाहीस. हा फरक मोजता येतो, म्हणून मी माझा आक्षेप मागे घेते.

आयोगाने मात्र घेतला नाही. प्राध्यापक विनस्लोंनी रश्शाद्वारे अनुचित दबाव आणल्याबद्दल खेदाचा ठराव मांडला. मी विचारले की रस्सा पुदिन्यासह की पुदिन्याशिवाय, ते नोंदवायचे का? ठराव समर्थनाअभावी पडला.

काल मतदान झाले. नावे एकेक पुकारली गेली, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागला. आपला ठराव बऱ्याच फरकाने हरला. आयोगाने नैतिक विजय म्हणून केक कापला. मी खाल्ला नाही.

गिलच्या नावापुढे लाल लागला. त्याने बराच वेळ बटण दाबले नाही. वर, प्रेक्षकांच्या सज्जात, मी बसले होते तिथे पाहिले. मग दाबले. या खेपेस हसला नाही.

हरला तरी चालेल असे मी जानेवारीत लिहिले होते. चालते, पण वाटले होते तितके सहज नाही.

रविवारी येते. कुणाला सांगू नकोस. माया दाट असावी.

लिडिया


मॅरोज पॉइंट, ३ ऑगस्ट

चि. लिडियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ये. सूप टाकते. गुडघा दुखतो आहे, आता लिहिलं.

गिल काल येऊन गेला. दारातच उभा राहिला. म्हणाला, माद्रिन्या, तुम्ही रागावलात. मी म्हटलं, रागावले नाही. इतकी वर्षं तू अभ्यासाआड होतास, आता दिसलास. आत ये, जेव. जेवला. जाताना नोव्हेंबरच्या निवडणुकीचा फलक माझ्या अंगणात रोवायचा का, विचारलं, दर वेळी रोवतो तसा. मी त्याच्या गालाला हात लावला आणि सांगितलं, रस्सा तुला मी आहे तोवर मिळेल, तो कुणालाही मिळतो. मत माझं आहे.

फलक गाडीत ठेवून गेला.

गोड पाव मी करते आहे. लोणी तेवढं येताना घेऊन यावं.

आत्या