डावी आमची, उजवी त्याची

२९ नोव्हेंबर १९५३, रविवार. मुलुंड
काल सूतिकागृहातून घरी. टांग्याने. दादा पुढे टांगेवाल्याशेजारी, मी नि आत्या मागे, मांडीवर पोरगी. टांगेवाल्याने एक खड्डा सोडला नाही.
आईची खोली मला दिली आहे. पलंग तोच, फडताळ तेच, खिडकीतून मिठागरं तीच. उन्हात पांढरे ढीग. लहानपणी मी आईला विचारायची, एवढं मीठ कोण खातं गं? आई म्हणायची, तू. तुझ्याच आमटीत जातं.
आई नाही. तिची जागा आत्याने घेतली आहे, म्हणजे चुलीची आणि ओरडण्याची. दादांची धाकटी बहीण, पण दादाच तिला टरकून असतात. आल्या आल्या हळिवाची खीर पुढ्यात. सगळी संपव म्हणे. संपवली.

३० नोव्हें.
तळपदे नर्स घरी येऊन गेल्या. पिशवीतून काटा काढला, झोळीचा. मी पोरीला उचलून छातीशी धरली. म्हटलं, वजन नको.
"अहो, तुम्ही मॅट्रिक झालेल्या ना?" नर्स.
झालेली आहे. पण दोन वर्षांपूर्वी याच पलंगावर पहिल्याचं वजन केलं होतं. साडेसात पौंड. दादांनी अख्ख्या आळीला सांगितलं, पेढे वाटले. अकराव्या दिवशी गेला. तेव्हापासून आमच्या घरात मूल जोखत नाहीत. आत्या म्हणते दृष्ट लागते. मी तिला हसत नाही.

१ डिसें.
नर्स पुन्हा आल्या. एकट्या नव्हे. गोधडीत एक मुलगा.
माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा. त्याच दिवशी जन्मलेला, पोरीआधी तासभर. बाई दुसऱ्या दिवशी गेली. मधे पडदा होता, मी तिचं तोंडही पाहिलं नाही. पडद्यामागून एकदाच विचारलं होतं तिने, "बाय, वाजले किती?" मी म्हटलं, साडेचार. आमची ओळख एवढीच.
नवरा मिठागरावर पहारेकरी. भिकाजी. गाव देवगडकडे. इथे त्याचं कुणी नाही. डब्याची पावडर पोराला सोसत नाही, नुसती हगवण. नर्स म्हणाल्या, "तुम्हाला भरपूर आहे. महिनाभर. त्याची आजी गावाहून येईपर्यंत. नाहीतर हा राहायचा नाही."
आत्या स्वयंपाकघरातून: "कुणाचं कोण! जात ना पात ठाऊक."
मी पदर बाजूला केला.
का केला ते लिहून ठेवते. पहिला गेला तेव्हा दूध काही थांबेना. आई वाटीत पिळून घ्यायची आणि तुळशीत ओतायची. मोरीत टाकू नये म्हणायची. तीन आठवडे रोज. ती काठ मुडपलेली वाटी अजून फडताळात आहे.
पोरटं असं तुटून पडलं की मी ओरडलेच.

२ डिसें.
ठरलं. डावी आमची, उजवी त्याची. भांडण नको. सकाळी कामावर जाताना भिकाजी आणून सोडणार, संध्याकाळी नेणार. रात्री वाटी-चमच्याने साखरपाणी, शेळीचं दूध, काय मिळेल ते.
भिकाजी ओटीवर सुद्धा येत नाही. फाटकाशी उभा. "बाय, ह्येका नाव नाय अजून. म्हातारी इली की ठेवतली."

३ डिसें.
बारसं. ह्यांना नागपुरात रजा मिळाली नाही. नाव पत्रातून आलं: मंजिरी.
आत्याने सकाळीच बजावलं होतं, पाळण्याच्या वेळी "तो" माजघरात नको. त्याला ओटीवर ठेवला. आळीतल्या बायका जमल्या. वरवंट्याला आत्याने टोपडं बांधलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून द्यायला हातात घेतला, आणि बाहेर त्याने जे भोकाड पसरलं! बायका हसायला लागल्या. आत्या दोनदा थांबली. तिसऱ्यांदा वरवंटा ठेवला खाली, तरातरा ओटीवर गेली, त्याला घेऊन आली. टोपडं त्याच्या डोक्यावर.
"हा आहे की जिता गोप्या. धोंड्याला कशाला झुलवायचं?"
आणि दिला पाळण्याखालून. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. या हातातून त्या हातात. मग मंजूला पाळण्यात घातलं.
मला रडू आवरेना. बायकांना वाटलं आईच्या आठवणीने. तेही होतंच.

८ डिसें.
गोप्याचं वजन. पाच पौंड नऊ औंस. आठवड्यात सात औंस वाढला. नर्सने एका चिठ्ठीवर लिहून दिलं, मी फडताळात ठेवलं. त्याला जोखायला आत्याची ना नाही. परक्याच्या पोराला आपली दृष्ट कशी लागेल?
मंजू शहाणी आहे. पिते, झोपते. रडणं असं नाहीच.

१७ डिसें.
गोप्या साडेसहा! गालांचे नुसते लाडू झालेत. आत्या त्याला "मेल्या" म्हणते आणि तेल जास्त त्यालाच लावते.
दुपारी दोघं दोन बाजूंना झोपलेली. खिडकीतून खारा वारा. आई असती तर दारात उभी राहून नुसती बघत बसली असती. ती असं बघायची आणि मग एकदम म्हणायची, चल, भात करपला असेल.
मंजू फार झोपते. गुणी.

२३ डिसें.
ह्यांचं पत्र. मी सगळं कळवलं होतं. लिहितात, "तुझं मन मोठं आहे, पण मंजू आधी." मोठं मन वगैरे काही नाही. असं उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, सगळं ठीक.

२९ डिसें., मंगळवार
नर्स गोप्याला जोखायला आल्या. मंजू उघडीच होती, अंघोळीनंतर. नर्स तिच्या मांड्यांकडे बघत राहिल्या. कातडीला सुरकुत्या. मला न विचारता तिला झोळीत घातली. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, बाजूला व्हा.
"जन्मली तेव्हा सहा पौंड होती. आज सहाला दोन औंस कमी."
अडतीस दिवसांची.
"अहो, शांत नाही ती. रडायचंही बळ नाही तिच्यात."
आणि मी गुणी गुणी म्हणत होते! तो ओढून पितो तेवढं त्याला येतं. ही दोन घोट घेते, दमते, झोपते, आणि मी तिची पापी घेऊन पाळण्यात ठेवते. त्याचे औंस मोजले. हिचे नाही. दृष्ट लागेल म्हणून. लागली ती माझीच. मी पाहिलंच नाही.
आत्या देवापुढे जाऊन बसली.
नर्स म्हणाल्या, त्याला बंद. दोन्ही बाजू हिला. मी भिकाजीशी बोलते.

३१ डिसें.
दोन दिवस तो नाही. घर शांत. मंजू दर दोन तासांनी. झोपली तर तळपायाला टिचकी मारून उठवते.
दादांनी तार केली होती. ह्यांची उलट तार: पत्र येते आहे.

२ जाने. १९५४
पत्र आलं. चारच ओळी. शेवटची: "तुला मंजूची शपथ आहे, पुन्हा त्याला अंगावर घेशील तर."
शपथ. हे काही असे नाहीत. पण पहिला गेला तेव्हा हे नागपूरहून पोचले ते सगळं आटोपल्यावर. ते विसरले असतील असं मला वाटत होतं.

५ जाने.
मंजू सहा पौंड पाच. नर्सने काटा इथेच ठेवला आहे, रोज जोखते आता. आत्या स्वतः काटा धरते. दृष्टीचं नाव काढत नाही कुणी.
गोप्याला गाईचं दूध, पाणी घालून. पुन्हा हगवण, असं नर्सकडून कळलं. मी जास्त विचारलं नाही.

८ जाने.
सकाळी भिकाजी फाटकाशी. काखेत गोधडी. हाक मारली नाही, मागितलं नाही, नुसता उभा. दादा बाहेर गेले, काहीतरी बोलले. मी खिडकीआड. तेवढ्यात तो रडला. पूर्वीचं भोकाड नाही, मांजरीच्या पिलासारखं.
आणि माझं पोलकं भिजलं. उजवीकडे. मी बसले होते, काही केलं नव्हतं, तरी.
भिकाजी गेला. मला जेवण गेलं नाही.

९ जाने.
आज घेतला त्याला.
मंजूला आधी दोन्हीकडे पाजलं. ती तोंड फिरवून झोपेपर्यंत. जोखली. मग दादांना म्हटलं, मिठागरावर जा, त्याला आणायला सांगा. दादा कोट न घालताच गेले.
आत्या म्हणाली, "शपथ आहे ना गं तुला?"
म्हटलं, आहे.
"मग?"
मग काही नाही. तिने दार लोटून घेतलं आणि बाहेर बसली, कुणी येऊ नये म्हणून.
गोप्याला ओढायचं बळ नव्हतं. आधी बोटाने ओठ ओले केले. मग हळूहळू. डोळे उघडून माझ्याकडे बघत होता सारखा. ह्या मुलाला आई कशी दिसते ते ठाऊकच नाही. त्याला वाटत असणार ती अशीच असते.
ह्यांना कळवलेलं नाही. कळवणार नाही.

११ जाने.
दोन दिवस असंच. मंजू आधी, उरेल ते त्याला. मंजूचं घटलं नाही. एक औंस वरच. गोप्याची हगवण थांबली. आत्या म्हणाली, बघ, देवाला कळतं. मी इतकी खूश झाले की दुपारी दोन डिंकाचे लाडू खाल्ले.

१३ जाने.
मंजूला ताप. पहाटेपासून. अंग भाजतंय. डॉक्टर आले, छाती बघितली, म्हणाले बघू दोन दिवस.
माझं मला माहीत आहे कशाने.

१४ जाने. संक्रांत
ताप तसाच. गोप्याला आणू नका असा निरोप दिला. शपथ मोडली ती मी, ताप हिला का? मला का नाही?
पहिल्याच्या दहाव्या दिवशी असंच अंग तापलं होतं.
घरात तीळगूळ नाही. आळीतल्या पोरी दारात येऊन परत गेल्या.

१६ जाने., शनिवार
आजी आली देवगडाहून. भिकाजीची आई. एवढीशी बाई, कमरेत वाकलेली, पदराखाली गोप्या. भिकाजी मागे उभा. उद्या सकाळच्या बोटीने नातवाला नेणार.
तिने खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरले. माझ्या आईच्या वयाची.
"बाये, तुझे उपकार खय फेडू?" मग जरा थांबून, "बोटीवर दोन दिस जातले. आता एकदा घेशात काय तेका? शेवटचा?"
मंजू माझ्या खांद्यावर. अंग अजून कढत. काल रात्रीपेक्षा कमी, पण कढत.
मी नाही म्हटलं.
म्हातारी "बरा, बरा" म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आत्याने गोप्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि टोपडं त्याच्याबरोबर दिलं, बारशाचं. ती दोघं फाटकातून वळली आणि तो रडायला लागला.
पोलकं बदलावं लागलं.
संध्याकाळी मंजूचा ताप उतरला. पूर्ण. अंग गार. सकाळी उतरला असता तर

१७ जाने.
बोट गेली असेल.

२१ नोव्हेंबर १९५८, शुक्रवार. मुलुंड
पाच वर्षांनी ही वही सापडली. फडताळात, त्या वाटीखाली. आत्या जाऊन दोन वर्षं झाली. दादा आता नागपूरला आमच्याकडे येणार, हे घर सोडायचं आहे. मी आवराआवरीला आले आहे, मंजूला घेऊन.
सगळं वाचलं उभ्या उभ्या. चिठ्ठीही आहे, नर्सच्या अक्षरातली, गोप्याच्या वजनांची. मंजूची नाही.
परवा मिठागरावर जाऊन आले. भिकाजी तीन वर्षांपूर्वीच काम सोडून गेला. कुठे, कुणाला ठाऊक नाही. पहिल्या वर्षी एकदा आमसुलांचं पुडकं आलं होतं आत्याकडे, कुणा गाववाल्याच्या हाती. निरोप काही नाही. आत्या म्हणायची, पोर जगल्याशिवाय कुणी आमसुलं पाठवतं होय? दादा म्हणायचे, उपकार कुणी ठेवत नाही, पोर गेलं तरी पाठवतील. त्या आमसुलांचं सार मी एकदाच केलं. पुढच्या वर्षी काही आलं नाही.
शपथेचं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ह्यांनीही कधी विचारलं नाही.
काल स्टेशनवर मंजूला वजनाच्या यंत्रावर उभी केली. त्या जानेवारीनंतर पहिल्यांदा. तिकीट आलं: चौतीस पौंड. तिने ते पर्समध्ये ठेवायला लावलं.
आज वाढदिवस. मंजूला पाच पूर्ण. त्यालाही झाली. झाली असतील.
आईच्या खोलीत पाट मांडला. औक्षण केलं. ताटात दरवर्षी दोन पेढे ठेवते. मंजू डावीकडचा खाते, तिला सवयच आहे. दुसरा मग घरात कुणीतरी खाऊन टाकतं. आज तिने उजव्याला हात घातला.
"तो नको. डावा घे." तोंडून निघून गेलं.
"का?"
दादा पेपरातून मान वर करून माझ्याकडे बघायला लागले.
मंजू हात तसाच धरून बसली आहे. दोन्ही माझेच ना, म्हणते.