देवावरचा दावा

आये, मला लिहिता येतं हे तुला ठाऊकच नाही. तू गेल्यावर शिकले, खानापूरकडच्या सासरी, जावेच्या पोरांची पाटी मागून घेऊन, चुलीपुढं बसून. तुला वाचता येत नव्हतं आणि तू आता जिथं असशील तिथं टपाल जात नाही, म्हणजे हे लिहिणं दोन्ही बाजूंनी फुकट. तरी लिहिते, कारण परवा उळवीच्या जत्रेत आपल्या जोयड्याकडची एक बाई भेटली. ओळख ना पाळख, पाण्याला शेजारी बसली आणि मला सांगते, "आमच्याकडं एक बाई हुती म्हणं, तिनं देवाला देवळाभायेर काढून नांगराला जुपलं." मी म्हटलं, "न्हाई गे, जुपलं न्हवतं. तेवढंच ऱ्हायलं हुतं." ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. तुझी गोष्ट माझ्या आधी जत्रेला पोचली होती आणि वाटेत तिला शिंगं फुटली होती. म्हणून म्हटलं, एकदा जशी घडली तशी मांडावी.

आप्पा गुत्तेदाराच्या कामावर जायचा. गुत्तेदार म्हणजे बेळगावकडून आलेला लाकडाचा ठेकेदार. भर दुपारी जिथं ऊन जमिनीला शिवत नाही अशा रानात तो छत्री उघडून फिरायचा, आणि वर म्हणायचा की ह्या मुलखात ऊन फार. डोंगरावर साग पाडायचा, ओंडक्याला दोर बांधायचा आणि उतारावरनं हळूहळू काळी नदीच्या काठाला सोडायचा, हे आप्पाचं काम. दोर काथ्याचा, जुना. आप्पा घरी येऊन म्हणायचा, "आमच्या दोरात दोर कमी, गाठीच जास्ती." त्यानं सांगितलंही होतं, धनी, दोर बदला. धनी म्हणाले होते, एवढी खेप जाऊ दे. त्याच खेपेला दोर तुटला आणि ओंडका आप्पाच्या अंगावरनं गेला. माणसांनी त्याला घोंगड्यात घालून अंगणात आणला तेव्हा तू भात कांडत होतीस. तू आधी मुसळ भिंतीला टेकवलंस, घसरणार नाही असं बघून टेकवलंस, आणि मग अंगणात आलीस. तेव्हा रडली नाहीस, नंतरही नाही. मी मात्र दिवसरात्र भोकाड पसरून बसलेली. एका सकाळी तू मला म्हणालीस, "रडायचं तर रड, पन सरपन येचता येचता रड." मी तशीच रडले. सरपण मात्र त्या साली कधी नव्हे एवढं जमलं.

आपल्या गावची रीत अशी की ज्याच्या कामावर माणूस पडला त्यानं त्या घरचं शेत नांगरून द्यायचं, दरसाल, पोरं हाताशी येईपर्यंत. आपल्याला भाताचा एक तुकडा आणि एक म्हैस. बैल नव्हतेच. आप्पा दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि त्याच्या बदल्यात त्याचे बैल आणायचा. आता राबणारा गेला तर बैल कोण देणार? पेरणीआधी शेत नांगरलं नाही तर ते चुलत्याच्या घशात जाणार आणि आपण गाठोडं बांधून आजोळी जाणार, हे मला त्या वयातही कळत होतं. चुलता समाचाराला आला तो आधी शेताला फेरी मारून मगच आपल्या ओट्यावर टेकला, आणि डोळे पुसता पुसता बांध कुठवर आहे ते विचारू लागला. तू त्याला पेज वाढलीस आणि मीठ घातलं नाहीस.

नांगर गुत्तेदारानं द्यायचा, ह्यात कुणाला शंका नव्हती. शंका काढली ती गुत्तेदारानं. तो छत्री घेऊन आला आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "दोराचा काय संबंध? देवाच्या राईतलं पानही तोडायचं नसतं, तिथं त्यानं दात घासायला काडी मोडली होती. देवाचा कोप झाला. देवानं नेलं त्याला मी काय करणार?" झालं. काखा वर करायला देव सापडला. कामावरची माणसं खाली बघत राहिली. त्यांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचंच होतं, त्यांना तरी मी काय म्हणू? पण त्या दिवसापासून आपल्या चुलीतला विस्तव मागायला कोणी येईना. देवानं मारलेल्या माणसाचं घर. आप्पाच्या नावाचं पान सुद्धा पितरांत मांडू नये म्हणून चुलती सांगून गेली, आणि ती गेल्यावर तू ती बसलेली जागा शेणानं सारवून काढलीस.

मग तू मला घेऊन कचेरीत गेलीस. अख्खा दिवस रानातनं चाललो. कारकून बिचारा भला होता, बसा म्हणाला, आपण उभ्याच राहिलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीनं सांगितलं, "बाई, दोराचं सांगायला एकही माणूस पुढं येत नाही. सगळे म्हणतात देवानं नेलं. देवाच्या करणीवर इथं दावा चालत नाही." तू विचारलंस, "मग द्येवाची कचेरी कुटं हाय?" कारकुनाला वाटलं तू चिडलीस. तू चिडली नव्हतीस, पत्ता विचारत होतीस. परत गावात शिरलीस ती घरी न जाता थेट बुधवंताच्या अंगणात उभी राहिलीस.

बुधवंत म्हणजे गावचा म्होरक्या, देवाला कौल लावण्याचा मान त्याचा, आणि नात्यानं तुझा चुलत सासरा. त्याच्यासमोर तोंड वर करून बोलायची तुला सोय नव्हती. म्हणून तू पदर ओढून त्याच्या फणसाच्या झाडाशी बोललीस. "गुत्तेदार म्हन्तोय द्येवानं न्हेलं. खरं काय ते द्येवालाच इचारा." झाडानं काही उत्तर दिलं नाही, बुधवंत म्हणाला, "लावू कौल, सूनबाय. आयतवारी लावू." ही बातमी गुत्तेदाराला लागली. शनिवारी त्यानं देवाला एक पितळी घंटा वाहिली, भली मोठी, आणि गावाला गूळभात घातला. मी पण दोनदा घेतला. तू म्हणालीस, "खा, द्येवानं खाल्लंय, मग तू कशापाय सोडतीस?"

आयतवारी सगळा गाव राईतल्या देवळापुढं जमला. बुधवंतानं पाणी मारून देवाच्या दगडावर रानफुलाच्या कळ्या चिकटवल्या, उजवीकडं आणि डावीकडं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यानं विचारलं, "म्हाराजा, ह्या मानसाला तूच न्हेलास काय?" आणि सावज टिपायला बसल्यासारखे सगळे त्या कळ्यांकडं बघत राहिले. देव लवकर बोलेना. गुत्तेदार छत्री मिटत होता, उघडत होता. शेवटी उजवी कळी पडली. होय. देवानं नेलं. गुत्तेदारानं असा श्वास सोडला की मला वाटलं राहिलेल्या कळ्याही उडतात. बायका तुझ्याकडं वळल्या, आता ही ऊर बडवणार म्हणून. तू पदर सावरलास, देवासमोर जाऊन बसलीस आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालीस, "बरं झालं कबूल केलास. आता माजं श्यात कवा नांगरतोस?"

बुधवंत म्हणाला, "सूनबाय, आगं द्येव हाय तो." तू त्याच्याकडं वळलीच नाहीस, देवालाच सांगितलंस, "रीत गावची हाय, आनि गावात तू पन ऱ्हातोस. तुज्यापाय मानूस पडला, नांगर तुजा. काडी मोडली म्हनून मानूस न्हेलास व्हय? मग ह्या गुत्तेदारानं अख्खं रान न्हेलं, त्याला शिंक बी न्हाई आली." कोणीतरी मागं हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. बुधवंत दोन्हीकडनं अडकला. बोलणार काय? कौल त्यानंच लावला होता. देव खोटा म्हणावं तर त्याचं म्होरकेपण बुडतं, खरा म्हणावं तर नांगर द्यावा लागतो.

देवाचं शेत होतं ना आपल्या गावात, ज्याच्या भातावर देवाचे सण व्हायचे आणि बुधवंताची कणगी भरायची. ते नांगरायला गाव आपापले बैल घेऊन एका दिवशी जमायचा. त्या दिवशी तू पहाटे उठून त्या बांधावर जाऊन उभी राहिलीस. पहिली जोडी आली तशी तिचा कासरा धरलास आणि म्हणालीस, "द्येवाचे बैल हायत न्हवं? द्येव माजं देनं लागतोय." आणि चाललीस ओढत. गडी मागनं धावतो आहे, तू पुढं, बैल मध्ये गोंधळलेले. तुझ्या हातातनं कासरा कोण हिसकावणार? विधवा बाईच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती होईना. आपलेही बैल जातील म्हणून बाकीच्यांनी आपापल्या जोड्या घरी वळवल्या आणि देवाचं शेत तसंच राहिलं. गडी बैल सोडून नेईपर्यंत आपल्या शेतात नांगराच्या दोनच ओळी पडल्या, त्या पण वाकड्या, कारण नांगर मी धरला होता.

तेवढ्यावर थांबली असतीस तर ती तू कसली. दुसऱ्या दिवशी देवळातली ती पितळी घंटा काढलीस आणि आपल्या म्हशीच्या गळ्यात बांधलीस. म्हणालीस, देणेकरी नांगर देत नाही तर त्याच्या घरातली वस्तू उचलते. म्हैस चरायला रानात गेली. आता गावात कुठंही घंटा वाजली की म्हातारी माणसं उठून हात जोडायची आणि समोरनं आपली म्हैस रवंथ करत जायची. एकदा ती गुत्तेदाराच्या झोपडीमागं जाऊन उभी राहिली. घंटा वाजायला लागली, आसपास माणूस नाही. गुत्तेदाराची पाचावर धारण बसली. त्यानं स्वतः वाहिलेली घंटा त्याला बोलवायला आली म्हणून तो छत्री तिथंच टाकून नदीकडं पळाला. मी हे झाडाआडनं बघितलं आणि पोट धरून हसले, आप्पा गेल्यानंतरचं माझं पहिलं हसू ते. तुला येऊन सांगितलं तर तू नुसती म्हणालीस, "म्हशीला आज जरा ज्यादा पेंड घाल."

बुधवंताच्या नाकी नऊ आले. देवाचं शेत पडलेलं, घंटा म्हशीच्या गळ्यात, आणि पोरंटोरं म्हशीला नमस्कार करायला लागलेली. त्यानं गुत्तेदाराला निरोप धाडला की ही गाठ तुम्ही मारली, तुम्ही सोडवा, तोवर गावचा एकही गडी कामावर येणार नाही. गुत्तेदार आला. छत्री नव्हती. बुधवंतानं त्याला देवाच्या उंबऱ्यावर हात ठेवायला लावला आणि म्हणाला, "धनी, आता कौल न्हाई लावत. तुमीच सांगा." त्यानं देवाकडं बघितलं, मग म्हशीकडं, कारण तीही येऊन उभी होती. मग म्हणाला, "दोर जुना होता. त्यानं मला सांगितलं होतं. मी बदलला नाही." अगदी हळू म्हणाला. बुधवंत म्हणाला, "मोट्यानं." तो पुन्हा म्हणाला. "मग नांगर कुनाचा?" "माझा." आणि बायकांमधली एक, आपली शेजारीण, तिथल्या तिथं तुला म्हणाली, "सांजच्याला विस्तव न्ह्यायला येते गे."

गुत्तेदाराचे बैल लाकडं ओढणारे. त्यांना शेत म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. नांगर जुंपला की सरळ नदीची वाट धरायचे. गुत्तेदार धोतर खोचून त्यांच्या पुढं, चिखलात, हातानं खुणा करत, आणि सगळा गाव बांधावर बसून बघतोय. चुलताही होता, मेलेल्या तोंडाचा. चार माणसांचं काम त्या दिवशी चौदा जणांनी केलं आणि शेत नांगरून झालं. सगळे गेले. तू एकटीच बांधावर उभी होतीस. मला वाटलं आता ही हसेल, जिंकली ना. मी तुझ्याजवळ आले तेव्हा तू शेताकडं बघून बोलत होतीस, ह्या वेळी ना देवाशी, ना झाडाशी. तू म्हणालीस, "म्हंजे दोर नवा असता तर आला असता घरी." आणि मग मटकन खाली बसलीस, त्याच ढेकळांत, आणि रडलीस. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम. मी घाबरून सरपणाचं काहीतरी बोलले, तर तू मला जवळ ओढलंस आणि सोडलंच नाहीस.

त्यानंतर शेत दरसाल नांगरलं गेलं, आप्पाचं पान पितरांत मांडलं गेलं, आणि गुत्तेदारानं दोराऐवजी साखळदंड आणले. उळवीच्या त्या बाईला एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. तुला सांगायची गरज नाही, तुला सगळं ठाऊक आहे. एकच ठाऊक नाही, तेही लिहून हा कागद चुलीत घालणार आहे. देवानं नेलं असतं तर माणूस जायचाच होता असं म्हणून झोप तरी लागते. तू भांडून खरं काय ते काढलंस, आणि ते खरंच होतं. पण आये, अजून कधीतरी मला वाटतं, तो कौल खरा असता तर बरं झालं असतं.