दर क्लेममागे, भेटीसह

१ मार्च, सकाळी ६
देवासमोर बसलो आणि ठरलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात विम्याचे क्लेम भरले, आता स्वतःचं बिलिंग. टेबल आहे, कॉम्प्युटर आहे. सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली. तिला जाऊन आता सातवा महिना चालू आहे. घरात शांतता. एकाग्रतेला उत्तम.

७ मार्च
पहिलं गिऱ्हाईक जवळपास पक्कं. हाडांचे डॉक्टर. तीन आठवड्यांची ट्रायल म्हणून त्यांचे क्लेम फुकट भरून देतो आहे. फाइली आणायला रोज अकराला स्वतः जातो. काउंटरवरच्या बाईंनी आज विचारलं, काका, जेवलात का. व्यवसायात असे संबंध फार मोलाचे. दोन तास बसलो. क्लेम तीनच होते.

१० मार्च
डॉक्टर म्हणाले, तुमचे दर लिहून द्या. हा काही पोरखेळ नाही. वसुलीवर टक्के घ्यावेत, तर कंपनीने क्लेम अडवला की मी उपाशी. महिन्याचा ठोक आकडा घ्यावा, तर महिन्यातून एकदाच जाणं होईल. ते बरं नाही. सेवेच्या दृष्टीने. दर क्लेममागे घेणंच योग्य. उद्या पहाटे उठून आकडे पक्के करायचे.

११ मार्च
आठला उठलो.

१३ मार्च
दरपत्रक तयार. तीन रकाने. फाइली इमेलने पाठवल्यास क्लेममागे एकशे वीस. मी आठवड्यातून एकदा येणार असल्यास नव्वद. रोज येणार असल्यास साठ.
मेहुण्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, दाजी, पाय जास्त झिजवायचे आणि पैसे कमी घ्यायचे, हा कुठला धंदा? त्याला सर्व्हिस कळत नाही. समक्ष गेलं की चुका पकडता येतात. आजवर एकही सापडली नाही, तो भाग वेगळा.

१६ मार्च
बाईंना विचारून माझी खुर्ची खिडकीजवळ घेतली. पेशंटांशी बोलणं होतं. एका आजींचं मनगट कसं मोडलं ते पहिल्यापासून ऐकलं. डॉक्टर दोनदा बाहेर डोकावले. माझ्या निष्ठेवर त्यांचं लक्ष आहे.
सौ.चा फोन. बाळाला दात येताहेत, अजून महिनाभर तरी. मी म्हटलं, सावकाश ये, मला इथे मान वर करायला फुरसत नाही.

१९ मार्च
दरपत्रक दिलं. साठच्या रकान्याखाली पेन्सिलीने हलकीशी रेघ ओढली होती. उद्या कळवतो म्हणाले. म्हणजे झालंच. येताना दोन शर्ट इस्त्रीला टाकले आणि तीन पुडांचा नवा डबा घेतला. रोज तिथेच जेवलो तर जाण्यायेण्याचा वेळ वाचेल.

२० मार्च, दुपार
काम मिळालं. देवाची कृपा.
खूण मात्र एकशे वीसच्या रकान्यात आहे. खाली सही आणि एक ओळ: समक्ष येण्याची तसदी घेऊ नये.
बाईंना फोन केला. म्हटलं, रकाना चुकला असेल. त्या म्हणाल्या, काका, मीही त्यांना म्हटलं, हे दुप्पट महाग पडेल. ते म्हणाले, पडू दे.
मेहुण्याला दुप्पट दर मिळाल्याचं कळवलं. त्याने अभिनंदन केलं.

२३ मार्च
इस्त्रीचा शर्ट घातला. डबा भरला. अकराला चार फाइली इमेलने आल्या. अकरा वीसला संपल्या. पुन्हा तपासल्या. चूक नाही.
साडेबाराला टेबलावरचा कीबोर्ड बाजूला सारून डबा उघडला.